ओसरीवरून : पटावरची मुले

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू अमेरिकेच्या पश्चिम भागातील एका विश्वविद्यालयात शिकावयास गेला आहे. तेथील थंडी, तेथील जेवण आणि तेथील अभ्यास ह्या तीन विषयांपलीकडे त्याचे बोलणे सहसा जात नाही. पण मागील खेपेस दूरध्वनीवर त्याने एक नवलाची हकीकत सांगितली. तिकडील कित्येक महाविद्यालयांत उधळणाऱ्या घोड्यावर बसण्याच्या आणि धावत्या वासरास दोराच्या फासात धरण्याच्या खेळाचे रीतसर संघ असतात. ह्या खेळास रोडिओ म्हणतात. उड्या मारणाऱ्या जनावराच्या पाठीवर एकाच हाताच्या आधाराने आठ सेकंद टिकावयाचे, आणि एवढ्यासाठी मुले हाडे मोडून घ्यावयास तयार असतात! ह्या महाविद्यालयीन खेळाची राष्ट्रीय संस्था १९४९ साली स्थापन झाली, आणि तिचे अंतिम सामने वायोमिंग राज्यातील कॅस्पर ह्या गावी दरवर्षी जून महिन्यात होतात.

इतके ऐकून मी 'असो, देश तसा वेष' म्हणून विषय सोडणार होतो. पण पुढची गोष्ट मात्र मनात राहिली. शिक्षण संपवून जे वकील झाले, डॉक्टर झाले, शेतीवाडी पाहू लागले, ते आपल्या जुन्या संघास विसरत नाहीत. एकमेकांची खबरबात ठेवतात, नव्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसा उभा करतात आणि सामन्यांच्या दिवसांत स्वतः मैदानावर येऊन उभे राहतात. "आबा, आपल्याकडे आहे का हो असे काही?" असे त्याने विचारले.

मी तत्काळ उत्तर दिले नाही. मास्तराने न समजून उत्तर देऊ नये, हा माझा सेवेतील नियम निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. पण विचार करता असे वाटले की, आपल्याकडे महाविद्यालयांचे बैलगाडीचे संघ नसले, तरी आमच्या विदर्भात शंकरपट आहे; आणि शाळेच्या पटावरून उतरलेली मुले ह्या दुसऱ्या पटावर परत येतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम ठिकाणाविषयी दोन शब्द. माझे घर सिंदी मेघे येथे, म्हणजे वर्धा शहरास अगदी लागून. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांनी लाकडी बैल मिरविण्याच्या सणासाठी, जी सिंदी प्रसिद्ध आहे ती निराळी. तिला सिंदी रेल्वे म्हणतात. ह्या दोन सिंद्यांच्या घोटाळ्यात माझी कित्येक पत्रे आठ-आठ दिवस हिंडून आली आहेत. नोकरी मात्र मी बहुतेक सारी आर्वी तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेत केली.

पुण्या-मुंबईकडील वाचकांस बैलगाडा शर्यत ठाऊक असेल. शंकरपट हे तिचेच वऱ्हाडी-नागपुरी भावंड. सुगीची पहिली धांदल ओसरली आणि संक्रांत जवळ आली की गावोगाव पट भरू लागतात. सपाट रान पाहून धाव आखतात, तिच्या दोन्ही अंगांस माणसांची भिंत उभी राहते, आणि अगदी हलक्या छकड्यास जोडलेली बैलजोडी वाऱ्यासारखी निघते. कोठे जोडीस जोडी लावतात, कोठे घड्याळाशी शर्यत असते. छकडा हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. त्या छकड्यावर त्यास धड बसावयासही जागा नसते. डोळ्यांचे पाते लवते न लवते तो सारे संपलेले असते, आणि त्या काही क्षणांविषयी गाव वर्षभर बोलत असते. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वांत नामांकित. तेथे स्त्रियाही जोड्या हाकतात. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडच आहे. वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम ह्या पटांवर पुष्कळसा अवलंबून असतो. परगावी गेलेला मुलगा दिवाळीस न आला तरी पटास येतो, पाहुण्यांनी घर भरते, आणि सोयरिकीही तेथेच ठरतात.

स्त्रियांनी बैल हाकावेत ह्याचे ज्यांस नवल वाटते, त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ वे सूक्त पाहावे. मुद्गल ऋषीची पत्नी मुद्गलानी बैल जोडलेल्या रथाचे सारथ्य करून शर्यत जिंकते, असा प्रसंग तेथे आहे. संस्कृत पाठशाळेत आमच्या गुरुजींनी ते सूक्त शिकविले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कोणी वैदिक ऋषिपत्नी उभी राहिली नाही, तर आमच्या गल्लीतील एक धट्टीकट्टी काकू उभी राहिली. ती कासरा ओढून मारक्या बैलास जागच्या जागी थांबवीत असे. हे मी त्या वेळी बोललो नाही, एवढे बरे केले.

बैल म्हणाल तर गवळाऊ. आर्वी, आष्टी आणि कारंजा हे तालुके ह्या जातीचे माहेरघर. पांढराशुभ्र अथवा राखी वर्ण, लांबट निमुळते तोंड, सडपातळ अंग आणि चालीत विलक्षण चपळाई. मराठ्यांच्या फौजांचे सामान डोंगराळ मुलखातून ह्याच बैलांनी वाहिले, असे जुने लोक सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे ह्या जातीच्या पैदाशीचे सरकारी क्षेत्र आहे. वर्ध्याच्या सुशिक्षितांस गुराढोरांचे वावडे कधीच नव्हते. जमनालालजी बजाज ह्यांनी १९४१ साली गोसेवेचे काम अंगावर घेतले आणि आयुष्याचे अखेरचे महिने गोपुरीच्या झोपडीत गाईंच्या सान्निध्यात काढले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले.

मी मात्र त्या काळी निराळ्या मताचा होतो. पट म्हणजे अडाण्यांचा धुडगूस, आणि पटाच्या आठवड्यात शाळेची हजेरी निम्म्यावर येते, एवढेच मला दिसे. १९९४ च्या जानेवारीत सातवीतील एक मुलगा सलग तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तो धुळीने माखलेला, डोळे जागरणाने लाल. "कोठे होतास?" म्हणून विचारले तर म्हणाला, "मामाची जोडी होती, गुरुजी." मी त्यास सर्व वर्गासमक्ष छडीचे पाच तडाखे दिले. तो रडला नाही. हात मागे घेऊन जागेवर जाऊन बसला आणि दुपारपर्यंत त्याच हाताने गणिते सोडवीत होता. ती सर्व बरोबर होती, हे मला वही तपासताना दिसले. त्याविषयी मी त्यास काही बोललो नाही. आज लिहितानाही ती वही डोळ्यांपुढे आहे.

हा मुलगा पुढे नागपुरास पशुवैद्यकाच्या महाविद्यालयात शिकला आणि सरकारात पशुधन विकास अधिकारी झाला. नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात. त्याच्या वर्गातील इतर मुले पुण्यास, नागपुरास, एक तर मस्कतला गेला. ती सर्व भ्रमणध्वनीवरील एका गटात एकत्र आहेत. त्या गटात मलाही घातले आहे. सकाळच्या सुविचारांचा तेथे जो पाऊस पडतो त्याविषयी निराळा लेखच लिहावा लागेल.

मध्यंतरी पटावर संकट आले. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तीही न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस अटींसह तात्पुरती परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या ग्राह्य धरल्या. मधल्या साडेसात वर्षांत आमच्या गावच्या बहुतेक जोड्या विकल्या गेल्या. नांगर ट्रॅक्टरने नेला, ओझे टेम्पोने नेले. पट होता तेवढाच खोंड पाळण्यास निमित्त होते, तेही गेले.

बंदी उठताच आमच्या ह्या जुन्या विद्यार्थ्यांस कोण आनंद! गटात रातोरात वर्गण्या जाहीर झाल्या. मस्कतच्या गृहस्थाने तर पहिले बक्षीस एक लाखाचे ठेवावे, सर्व भार आपण उचलू, असे लिहिले. अभिनंदनाचे अंगठे पडू लागले. अशा वेळी पशुवैद्य झालेल्या त्या मुलाने (त्याचे वय आता चाळिशीपलीकडे गेले आहे, पण मास्तरास मूल ते मूलच) एक लांबलचक पत्र गटात टाकले. ते मी वहीत उतरवून घेतले आहे, पण त्याच्या संमतीवाचून शब्दशः छापीत नाही. आशय असा : बक्षीस जितके मोठे, तितका बैलाच्या पाठीवर मार अधिक. पाच हजारांच्या बक्षिसासाठी माणूस आपल्या घरचा बैल आणतो आणि हरला तर हसत घरी नेतो. लाखासाठी तो बैल उसना आणतो, कर्ज काढून विकत घेतो, आणि मग शेपूट पिरगाळणे, पराणीची आर टोचणे, विजेचा झटका देणे, ह्यांपैकी काहीही त्यास वर्ज्य राहत नाही. आपण दूर बसून पैसा पाठवू आणि येथे कोणी बैलास खिळा टोचील, तर तो खिळा आपल्याच पैशाचा असेल.

गटात दोन दिवस कोणी बोलले नाही. मग एकाने लिहिले की, डॉक्टरसाहेबांस खेळ बंदच पाडावयाचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे. त्यावर त्याने उत्तर दिले की, खेळ बंद पडू नये म्हणूनच मी रजा काढून येणार आहे. तुमच्यापैकी कितीजण येता?

हा प्रश्न मला फार मार्मिक वाटला. वर्गणी देणारे चाळीस होते. येणारे सात निघाले.

त्या सातांनी मात्र काम चोख केले. पहिले बक्षीस मुद्दाम लहान ठेवले. उरलेल्या पैशातून बैलांसाठी मांडव, पाण्याची टाकी, धावेवरील दगड वेचून माती पसरण्याची मजुरी आणि विश्वासू घड्याळे, असा खर्च केला. जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज, बैलांच्या प्रकृतीचे दाखले, हजार मीटरांहून अधिक धाव नको, काठी-चाबूक नको, हे सर्व कायद्याने लागतेच; नियम मोडणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. पण कायदा कागदावर असतो आणि बैल रानात असतो, हे ज्याने खेडे पाहिले त्यास सांगावयास नको. म्हणून ह्या मंडळींनी निघण्याच्या जागेवर स्वतः पाळीपाळीने उभे राहण्याचे ठरविले. आणखी एक बक्षीस त्यांनी नव्याने काढले. ते वेगासाठी नव्हे, तर सर्वांत चांगल्या राखलेल्या जोडीसाठी. त्याचा परीक्षक म्हणून मला नेमले. "गुरुजी, तुम्ही वह्या तपासत होते, आता खांदे तपासा," असे सांगून मला गाडीत घातले.

घरातून ह्यावर एक आक्षेप आला तो येथे नमूद केलाच पाहिजे. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही सारे शहाणे एकत्र जमलात, कायदा पाहिला, पैसे पाहिले. बैलास कोणी विचारले का?" मी पोळ्याचे उदाहरण दिले. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकून त्यांस जेवणाचे आवतण देण्याची आपली रीत आहे, असे म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "एक दिवस आवतण आणि बाकीचे दिवस आर!" ह्या वाक्याचे उत्तर मजजवळ आजही नाही. अमेरिकेतही रोडिओविषयी हाच वाद चालू असतो, असे नातू सांगतो. बैलाला धावणे आवडते असे धुरकरी शपथेवर सांगतात, आणि मोकळा सुटलेला खोंड शेपटी उभारून धावताना मीही पाहिला आहे. पण छकड्यास जोडून धावणे तेच का, हे मी कसे सांगू? एवढेच जाणतो की, ज्या गावात पट उरला नाही तेथे गवळाऊचा गोऱ्हा दावणीस ठेवणारे घरही फारसे उरलेले नाही.

२०२४ च्या जानेवारीत पट भरला. पहाटेची थंडी होती. मी मफलर गुंडाळून मांडवात एकेका बैलाच्या खांद्यावर हात फिरवीत होतो. खांदेसूज आहे का, वेसणीशी नाक सोलवटले आहे का, शेपटीच्या गाठी सरळ आहेत का, हे कसे पाहावे ते डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी शिकविले होते. ह्या वयात विद्यार्थ्याकडून धडा घेण्याचा योग सर्वांच्या नशिबी नसतो. काही जोड्या इतक्या सुंदर राखलेल्या होत्या की, मालकाच्या स्वतःच्या अंगावरील सदऱ्यापेक्षा बैलाची झूल नवी असावी.

नऊच्या सुमारास त्याच्या मामाची जोडी आली. होय, तेच मामा. आता सत्तरीस आलेले. बंदीच्या काळात जोडी न विकणारे गावातील दोघा-तिघांपैकी ते एक. दाखला होता, तो दोन दिवसांपूर्वीचा. गावभर बोलबाला होता की, पहिला नंबर ह्याच जोडीचा. डॉक्टर खाली बसले, डाव्या बैलाचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला, खुराच्या बेचक्यात अंगठा दाबला. बैलाने कातडी थरथरविली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"मामाजी, ह्याले आज नाही पळवता येत."

"काल तर पळाला!"

"म्हणूनच."

भोवती माणसे जमली. सातांपैकी एकाने हळूच सुचविले की, एकच फेरी जाऊ द्यावी, म्हातारा माणूस आहे. मामा काही क्षण भाच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काहून बाप्पा, डाक्टर झाला म्हून घरच्याच जोडीले अडवतं? ह्याच जोडीच्या आज्यामागं तू शाळा बुडवून पळत होता."

डॉक्टर उठले नाहीत. बैलाचा पाय तसाच मांडीवर होता. ते म्हणाले, "पळत होतो. तवा त्या बैलाच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते, मामाजी. अन् दुसऱ्या दिवशी माह्या हातावरचे."

मी तेथेच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांच्या मनात मला बोल लावावयाचा होता असेही मला वाटत नाही. पण माझ्या हातातील काठी (ती मी गुडघ्यांसाठी वापरतो) मी नकळत पाठीमागे धरली.

मामांनी जोडी सोडली आणि कोणाशीही न बोलता गावाच्या वाटेस लागले. पट पार पडला. पहिले बक्षीस पुलगावाकडील एका जोडीस गेले. मी निवडलेली उत्तम राखलेली जोडी शर्यतीत शेवटून दुसरी आली, तेव्हा लोक मनमुराद हसले. पण तिच्या तरुण मालकाने बक्षीस घेताना डोळे पुसले, हेही त्यांनी पाहिले. रात्री शाळेच्या ओट्यावर त्या सातांसह पिठलेभाकर झाली. मस्कतच्या गृहस्थास भ्रमणध्वनीवर सर्व दाखविण्यात आले. तो बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, पुढच्या वर्षी मी येतो, मला निघण्याच्या जागेवर उभे करा. वर्षभर गटात सुविचारांच्या जोडीने खुरांची चित्रे येऊ लागली. कोणी गावाहून बैलाचे छायाचित्र टाकतो, आणि डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यातून, रात्री अकरा वाजता का होईना, त्यास औषध सांगतात.

मामा मात्र भाच्याशी बोलेनासे झाले. घरात एक लग्न झाले, त्यातही नाही. बहीण मध्ये पडली, तिचेही ऐकले नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुन्हा पट भरला. ह्या वेळी बाहेरगावाहून अकरा जण आले होते; मस्कतचाही होता. मी मांडवात माझ्या कामावर होतो. दाखल्यांची रांग दुसऱ्या बाजूस लागलेली होती. मामा जोडी घेऊन आले ते रांगेत न जाता थेट डॉक्टरांपुढे येऊन उभे राहिले. कोणी कोणास नमस्कार केला नाही. मामांनी वाकून डाव्या बैलाचा पुढचा पाय स्वतःच उचलला आणि खाली बसलेल्या भाच्याच्या मांडीवर ठेवला.